बॅटरीवरचा क्वाड, सलग दोन तास: २२ इंची पंखे, २४ सेल आणि वजनाचा हिशेब

सह्यवारा

क्वाडच्या, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनच्या, दीर्घ उड्डाणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "बॅटरी किती एमएएचची?", म्हणजे किती क्षमतेची (मिलिअँपिअर-तास). खरं तर तो तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न एकूण वजनाचा, दुसरा पंख्यांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाचा. म्हणून धागा हिशेबानेच सुरू करतो. चुका दिसल्या तर धरा.

आधी तुलना कशाशी करायची ते ठरवू. सायफ्लाय या अमेरिकन कंपनीच्या क्यू१२ने २०२५ मध्ये निव्वळ बॅटरीवर ३ तास ११ मिनिटांचं उड्डाण करून गिनीजमध्ये नोंद मिळवली, तीही ५ ते २० किलोच्या गटात. दक्षिण कोरियाच्या मेटाविस्टाचं २०१९ मधलं १२ तास ७ मिनिटांचं उड्डाण द्रवरूप हायड्रोजनवर होतं. पेट्रोल-हायब्रिडचे आकडे आणखी वेगळे. या तिन्हींची एकमेकांशी तुलना करण्यात अर्थ नाही. इथे बोलायचंय ते घरच्या टेबलावर बांधलेल्या, तीन किलोच्या आतल्या क्वाडबद्दल. लक्ष्य १२० मिनिटं.

एका जागी तरंगताना लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताने वाढते आणि पंख्याच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात घटते. हवेच्या घनतेच्या वर्गमुळाचाही व्यस्त परिणाम होतो.

माझी मांडणी अशी: बॅटरी सोडून वजन १००० ग्रॅम. त्यात चार मोटरी ३००, पंखे ११०, सांगाडा २८०, चार ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं) ८०, फ्लाइट कंट्रोलर-जीपीएस-रिसीव्हर ९०, तारा आणि कनेक्टर ९०, उरलेले ५० स्क्रू, टेप, पट्टे. बॅटरी २१७०० आकाराच्या २४ सेलची, ६एस४पी, १७५० ग्रॅम. (२१७०० म्हणजे २१ मिमी जाड, ७० मिमी लांब सेल; ६एस४पी म्हणजे चार-चार समांतर सेलचे सहा गट एकापुढे एक.) एकूण २.७५ किलो.

पुण्याच्या उंचीवर ३० अंश तापमानाला हवेची घनता साधारण १.०९ किलो प्रति घनमीटर धरली. २२ इंची चार पंख्यांचं क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर. सूत्राने आदर्श शक्ती निघते ९६ वॅट. पंख्याची गुणवत्ता (आदर्श शक्ती भागिले प्रत्यक्ष शक्ती) ०.६५, कार्यक्षमता मोटरची ८२ टक्के, ईएससीची ९६ टक्के धरली की बॅटरीतून १८७ वॅट, इलेक्ट्रॉनिक्सचे ५ मिळवून १९२. सेलमागे १८ वॅट-तास, त्यातले ९० टक्के वापरले तर ३८९ वॅट-तास. म्हणजे १२२ मिनिटं.

हेच १८ इंची पंख्यांवर केलं तर २३४ वॅट आणि १०० मिनिटं. बाकी सगळं तेच. व्यासाचं महत्त्व एवढं.

तारजोड

सेल आणि पॅकबद्दल लिहितो.

या कामाला जास्त करंटचे सेल नकोत. १९२ वॅट म्हणजे ६एसवर सुमारे ९ अँपिअर, चार समांतर रांगांत वाटले की सेलमागे सव्वादोन. म्हणजे अर्धा सी सुद्धा नाही (१ सी म्हणजे पूर्ण क्षमता तासाभरात संपवणारा करंट). मोलिसेल पी४५बी उत्तम सेल आहे, पण त्याची ताकद ४५ अँपिअर देण्यात आहे आणि तिची इथे गरजच नाही. एलजी एम५०एलटी किंवा सॅमसंग ५०ई याच वजनात १०–१२ टक्के जास्त ऊर्जा देतात. त्याच वजनाच्या साध्या लायपोत (लिथियम-पॉलिमर बॅटरीत) तीनशे वॅट-तासही जेमतेम बसतात.

सेल हातात आला की आधी काट्यावर ठेवा. अस्सल ५००० एमएएचचा २१७०० सेल ६८ ते ७० ग्रॅमच्या आसपास भरतो. ५५ ग्रॅमचा निघाला तर वेष्टणावर काहीही छापलेलं असो, तो बाजूला. नंतर प्रत्येक सेल पूर्ण भरून २ अँपिअरने २.५ व्होल्टपर्यंत रिकामा करा, क्षमता आणि अंतर्गत रोध लिहून ठेवा. समांतर गट पाडताना गटांची *बेरीज* सारखी यायला हवी. सहा गटांत एक गट ३ टक्के कमजोर असेल तर तो आधी संपतो आणि बाकी पाच गटांतली ऊर्जा तशीच घेऊन खाली उतरावं लागतं.

सेल जोडणारी पट्टी शुद्ध निकेलची, ०.१५ मिमी. चुंबकाने ओळखता येत नाही, कारण निकेललाही चुंबक चिकटतो. पट्टी कानशीने खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. लालसर गंज आला तर आत पोलाद आहे. धन टोकावर फिश पेपरची (वीजरोधक कागदाची) कडी लावल्याशिवाय वेल्डिंग करू नका. सेलचं वेष्टण तिथे कातरलं गेलं तर पट्टी थेट डब्याला टेकते, आणि डबा ऋण असतो. हा शॉर्ट कधी कधी पहिल्या उड्डाणाच्या कंपनांनंतर होतो.

उडणाऱ्या पॅकवर बीएमएस (सेलच्या व्होल्टेजवर लक्ष ठेवणारं सर्किट) नको. जमिनीवर तो रक्षण करतो, पण हवेत एक गट थोडा खाली गेला की सगळी वीज तोडतो. बॅलन्स तारा (प्रत्येक गटाच्या वेगळ्या तारा) बाहेर काढा आणि चार्जरवर ०.३ सीने भरा. जाड श्रिंक आवरणाऐवजी कॅप्टॉन टेप आणि दोन ठिकाणी काचतंतूची टेप पुरते, ३०-४० ग्रॅम वाचतात.

गरगर

> बॅटरी २१७०० आकाराच्या २४ सेलची, ६एस४पी

इथे थांबा. मोटर कोणत्या केव्हीची, म्हणजे व्होल्टमागे किती आरपीएमची?

२२ इंची पंखा ६९० ग्रॅम उचलायला साधारण १६०० आरपीएमवर फिरतो. समजा मोटर ३२० केव्हीची आहे. १६०० आरपीएमला तिचा उलट दाब (फिरण्याने तयार होणारं विरोधी व्होल्टेज) ५ व्होल्ट, रोधातला ऱ्हास धरून पावणेसहा. ६एसवर हे जेमतेम २७ टक्के ड्यूटी झालं. ईएससी प्रत्येक आवर्तनाचा तीन-चतुर्थांश वेळ वीज बंद ठेवतोय, करंटमध्ये लहरी वाढतात, स्विचिंगचा ऱ्हास तेवढाच राहतो. तेच २४ सेल ४एस६पी असे जोडा: ड्यूटी ४० टक्क्यांवर येते, वजन तेच, ऊर्जा तीच.

दुसरा उपाय १७०–१८० केव्हीची मोटर घेऊन ६एसवरच राहण्याचा. पण बाजारात या केव्हीच्या मोटरी बहुतेक १००–१३० ग्रॅमच्या, जड पेलोडसाठी केलेल्या मिळतात. ७५ ग्रॅमची हलकी मोटर हवी असेल तर केव्ही ३०० च्या आसपासच मिळतो, मग व्होल्टेज खाली आणणं सरळ पडतं. स्वतः गुंडाळी बदलता येत असेल तर उत्तमच.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. बॅटरीतून मोटरमागे ३ अँपिअर जातात म्हणून मोटरीतही तीनच, असं नसतं. पंख्याला लागणारा टॉर्क ०.२२ न्यूटन-मीटर, ३२० केव्हीच्या मोटरला त्यासाठी फेजमध्ये (गुंडाळीत) ७.४ अँपिअर लागतात. रोध ०.१ ओम असेल तर साडेपाच वॅट नुसते तांब्यात जळतात. मोठा पंखा लावल्यावर छोटी मोटर गरम का होते ते यात आहे. म्हणून मोटर निवडताना केव्हीच्या शेजारी रोध वाचा. २० मिनिटांच्या तरंगण्यानंतर मोटरीवर बोट ठेवता आलं पाहिजे.

ईएससीमध्ये डॅम्प्ड मोड चालू ठेवा, अर्ध्या थ्रॉटलवर त्याचा फायदा दिसतो. टायमिंग मध्यम किंवा त्याहून थोडं कमी. एवढ्या जड पंख्यांना थ्रॉटलचा झटका दिला की मोटर सिंक सोडते (तिची आणि ईएससीची लय तुटते), त्यामुळे रॅम्प-अप (वेग वाढवण्याची गती) कमी करा आणि दोरीने बांधून थ्रॉटल झटकन वर-खाली करून तपासा.

कोकणकिनारा

एक शंका. मग पंखेच वाढवले तर? सहा किंवा आठ? कोअॅक्सियलमध्ये (एकाच अक्षावर वर-खाली दोन पंखे) जागाही कमी लागते.

गरगर

कोअॅक्सियल या कामाला नाही. खालचा पंखा वरच्याने ढकललेल्या हवेत फिरतो. क्षेत्रफळ वाढल्यासारखं दिसतं, पण हवेचा स्तंभ तोच. सपाट सहा पंखे लावले तर क्षेत्रफळ खरंच वाढतं, पण दोन मोटरी, दोन ईएससी, दोन दांडे आणि लांबलेली चौकट यांचं वजनही येतं. तेवढ्याच घेरात चार मोठे पंखे नेहमी सरस ठरतात. सहाचा खरा उपयोग एक मोटर गेल्यावर सुखरूप उतरण्यासाठी.

वजनकाटा

दांड्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही, आणि २८० ग्रॅमचा सांगाडा मला जड वाटतोय.

२२ इंची पंख्यांच्या टोकांत ४० मिमी अंतर ठेवलं तर शेजारच्या मोटरी ६०० मिमीवर येतात, कर्ण ८५० मिमी. १६ मिमी बाहेरची, १ मिमी जाडीची कार्बन नळी मीटरला ७३ ग्रॅम भरते. चार दांड्यांना दीड मीटर, म्हणजे ११० ग्रॅम. २० मिमीची त्याच जाडीची नळी २७ टक्के जड, पण ताठरपणा दुप्पट. दांडा लवचीक असेल तर मोठ्या पंख्याची मंद थरथर थेट जायरोत (यानाचं वळणं मोजणाऱ्या सेन्सरमध्ये) उतरते आणि ट्यूनिंग कधीच बसत नाही. म्हणून नळी २० मिमीचीच घ्या. वजन मधल्या पाट्यांतून काढा: १.५ मिमीच्या दोन कार्बन पाट्यांऐवजी एक पाटी, आणि बॅटरीलाच चौकटीचा भाग करा. २४ सेलचा चिकटवलेला ठोकळा कोणत्याही पाटीपेक्षा ताठ असतो. उतरण्याचे पाय म्हणून दांड्यांच्या टोकांना ३ मिमीच्या कार्बन सळ्या पुरतात.

मोटरपर्यंत जाडजूड तारा ओढण्याचीही गरज नाही. मोटरमागे ३ अँपिअरला २० गेजची तार पुरते, ४० सेंमीच्या जाण्या-येण्यात पाव वॅट जातो. ईएससी दांड्याच्या टोकाला न बसवता मध्यभागी फोर-इन-वन (चारही एकाच पाटीवर) घेतला तर मात्र फेजच्या तारा लांबतात आणि त्यांतून साडेसात अँपिअर वाहतात. तिथे १८ गेज ठेवा.

आता मुख्य मुद्दा. सह्यवारा, तुमच्याच सूत्रात हे बसवून बघा. बॅटरीचं वजन बाकी वजनाच्या दुप्पट झालं की वेळ सर्वाधिक येतो. पण तो माथा इतका सपाट आहे की शेवटचे ग्रॅम फुकट जातात. तुमच्या ६एस४पीवर पाचवी रांग चढवली तर वेळ जिथल्या तिथे. उलट एक रांग काढली, १८ सेल ठेवले, तर फक्त चारेक मिनिटं जातात. मात्र बॅटरी सोडून जे वजन आहे त्यातले १० ग्रॅम उतरवले की ४० सेकंद वाढतात, आणि ते दर वेळी.

सांगाड्यातून ६५, ईएससीतून ३०, तारांतून ३०, मोटरींतून २५ ग्रॅम काढा. बाकी वजन ८५० वर आलं. आता सेल *कमी* करा: ४एस४पी, १६ सेल, ११५० ग्रॅम. एकूण बरोबर २ किलो. शक्ती १२१ वॅट, ऊर्जा २५९ वॅट-तास, वेळ १२८ मिनिटं. आठ सेल काढून सहा मिनिटं वाढली.

सह्यवारा

दोनदा करून पाहिलं, हिशेब बरोबर आहे. मी बॅटरीकडून सुरुवात केली होती, ती चूक. आता १६ सेलच धरू. आरपीएम १३६० च्या आसपास येतील, तिथे पंख्याची गुणवत्ता थोडी घसरेल, म्हणून ०.६५ ऐवजी ०.६२ धरतो. तरी १२२ मिनिटं राहतात.

सुकाणू

फ्लाइट कंट्रोलरवर आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी. इथे चुकलं तर वरचा सगळा हिशेब कागदावर राहतो.

फेलसेफ, म्हणजे बॅटरी संपत आली की यान आपोआप परतवणारी किंवा उतरवणारी सोय, सगळ्यात आधी. लायपोच्या सवयीने सेलमागे ३.५ व्होल्टची मर्यादा ठेवली की यान तिथेच परत फिरतं, आणि लि-आयनमध्ये ३.५ ला तिसऱ्या भागाहून जास्त ऊर्जा शिल्लक असते. ४एससाठी पहिली मर्यादा १२.४, दुसरी १२.० व्होल्ट ठेवा आणि दुसऱ्या मर्यादेवर आहे तिथेच उतरण्याची आज्ञा द्या. घरी परतण्याची नको, त्यात आधी वर चढण्यात ऊर्जा जाते. ३.० व्होल्टच्या खाली व्होल्टेजचा वक्र कड्यासारखा कोसळतो, तिथली दोन-तीन मिनिटं मागायला जाऊ नका. मोटर व्होल्टेज भरपाईची खालची मर्यादाही ११.२ पर्यंत आणा, नाहीतर शेवटच्या अर्ध्या तासात यान ढिलं वाटायला लागतं.

जायरो फिल्टर २० ते ३० हर्ट्झ, पीआयडी नियंत्रणातल्या डी-टर्मचा त्याच्या निम्मा. थ्रस्ट एक्स्पो (थ्रॉटल आणि उचल यांच्या वक्राचा गुणक) ०.७ च्या आसपास. कोनीय प्रवेगाच्या मर्यादा निम्म्यावर आणा, कारण एवढे पंखे पटकन वेग बदलू शकत नाहीत. ऑटोट्यून आधी करू नका. हाताने पी आणि डी हे गुणक जुळवून यान शांत झाल्यावर करा.

उतरण्याचा वेग जपा. २ किलोला पंख्याखालची हवा फक्त ३ मीटर प्रति सेकंदाने खाली जाते. त्याच्या निम्म्याहून वेगाने खाली आलात की पंखे स्वतःच्याच भोवऱ्यात सापडतात आणि यान डगमगून पडतं. उंचीवरून सेकंदाला १ मीटर, शेवटच्या दहा मीटरला अर्धा.

शेवटी याव, म्हणजे उभ्या अक्षाभोवतीचं वळण. गोल नळीवर मोटर दोन अंशांनी पिळलेली असली तरी डोळ्यांना दिसत नाही, लॉगमध्ये दिसते. पाच मिनिटं तरंगवून मोटरींचे आउटपुट काढा. १ आणि २ एका दिशेने फिरतात, ३ आणि ४ उलट. पहिल्या जोडीची सरासरी १४२० आणि दुसरीची १५३० आली तर यान सतत स्वतःलाच वळवतंय आणि त्याची किंमत बॅटरी मोजतेय. दोन समोरासमोरच्या मोटरींवर सपाट पट्टी ठेवा, दुरून एकामागे एक धरून बघा, ढिली असेल ती फिरवून एपॉक्सीचा ठिपका द्या. फरक २० च्या आत आला पाहिजे.

कोकणकिनारा

हवेबद्दल मीही लिहितो. समुद्रसपाटीवर उडवा असं सगळे सांगतात. खरं आहे, पण तापमानही तितकंच महत्त्वाचं. पुण्यात जानेवारीच्या पहाटे १०–११ अंशांना घनता १.१६ पर्यंत जाते, म्हणजे रत्नागिरीच्या २८ अंशांच्या दमट हवेएवढीच. ३० अंशांच्या दुपारपेक्षा ३ टक्के शक्ती वाचते. महाबळेश्वरची थंडी मात्र उपयोगाची नाही, उंची ते सगळं खाऊन टाकते.

किनाऱ्यावर उडवायचं असेल तर साडेनऊ-दहाच्या आत आटपा, नंतर खारा वारा सुरू होतो. आणि पॅक थंड ठेवू नका. पहाटे १० अंशांच्या सेलचा रोध वाढलेला असतो. उड्डाणापर्यंत पॅक कपड्यात गुंडाळून २५–३० अंशांवर ठेवा.

गरगर

एका जागी तरंगायचं की हळू गोल फिरायचं, हेही ठरवावं लागेल.

पुढे जाताना पंख्याला ताजी हवा मिळते. तरंगतानाचा हवेचा वेग ३ असेल तर ६ मीटर प्रति सेकंदाला प्रेरित शक्ती (हवा खाली ढकलायला लागणारी) जवळजवळ निम्मी होते. पंख्याचं स्वतःचं घर्षण तसंच राहतं आणि चौकटीचा विरोध वाढतो, तरी निव्वळ १०–१५ टक्के फायदा हाती लागतो. त्रिज्या ४० मीटर ठेवा. लहान वर्तुळात यान सतत कललेलं राहतं आणि फायदा आटतो. याच कारणाने ३–४ मीटरचा *एकसारखा* वारा जागेवर तरंगणाऱ्या यानालाही मदत करतो. झोतांचा वारा मात्र सगळं घालवतो.

बंद सभागृहात उडवू नका, ढकललेली हवा भिंतीवरून फिरून पुन्हा पंख्यात येते. आणि जमिनीलगत अर्ध्या मीटरवर तरंगवून वेळ वाढवू नका. जमिनीची उशी मिळते, पण तो आकडा यानाचा राहत नाही. किमान ३ मीटर.

तारजोड

मोजमापाबद्दल एवढंच. ८–९ अँपिअर मोजायला १२० अँपिअरचा सेन्सर लावला तर अर्ध्या अँपिअरची चूक सहज होते, म्हणजे ५–६ टक्के. ३० अँपिअरच्या आसपासचा शंट (करंट मोजणारा छोटा रोध) घ्या. प्रत्येक उड्डाणानंतर चार्जरने परत भरलेले एमएएच लॉगच्या आकड्याशी ताडा आणि तीन उड्डाणांच्या सरासरीने सेन्सरचा गुणक सुधारा.

वजनकाटा

नियमांची बाजू, कारण २ किलोचा आकडा इथेही कामाला येतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंत मायक्रो गट. बिगर-व्यावसायिक वापरासाठी मायक्रोला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोच्या वर एक ग्रॅम गेला की स्मॉल गट, मग ही सवलत नाही. शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल असेल तर प्रकार प्रमाणपत्रातून सूट आहे. सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावाच लागतो. हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. पुणेकरांनी लोहगाव विमानतळ आणि खडकवासल्याचा एनडीए परिसर ध्यानात ठेवून हवाई क्षेत्राचा नकाशा त्या दिवशी पुन्हा बघावा.

२०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. त्यामुळे मोटरी-पंखे मागवायला अडचण नाही. रेडिओ ८६५–८६७ मेगाहर्ट्झचा ठेवा, ईएलआरएस या रेडिओ-नियंत्रण प्रणालीत भारताचा ८६६ चा पर्याय आहे.

सुकाणू

दोन तास एकाच माणसाने यानावर नजर ठेवणं शक्य नाही. दोन चालक, दर २० मिनिटांनी बदल, ट्रान्समीटर हातातून हातात देताना यान लॉइटरमध्ये (आहे तिथे थांबण्याच्या मोडमध्ये). तिसरा माणूस फक्त आकाशाकडे बघणारा हवा. घारी स्थिर यानावर झडप घालतात, विशेषतः सकाळी ऊन तापून त्या वर यायला लागल्यावर. संक्रांतीच्या आसपास मांजा असतो, तो आठवडा सोडा.

नोंदीसाठी न तोडलेला, सलग व्हिडिओ लागतो. त्यात उड्डाणाआधी काट्यावरचं वजन, बॅटरीचं व्होल्टेज आणि घड्याळ एकाच चौकटीत दिसलं पाहिजे. कॅमेऱ्याला पॉवर बँक लावा आणि कार्डावर तीन तासांची जागा आहे का बघा. कॅमेरा फाइलचे तुकडे पाडत असेल तर मोठं घड्याळ सतत चौकटीत ठेवा.

सह्यवारा

ठरलं ते लिहून ठेवतो: ४एस४पी, २० मिमी नळी, ३२० केव्ही, ६ मीटर वेगाने ४० मीटर त्रिज्येचं वर्तुळ, फेलसेफ १२.४ आणि १२.० व्होल्ट. वजनाचं लक्ष्य १९९० ग्रॅम, १० ग्रॅम काट्याच्या चुकीसाठी सोडले.

एक प्रश्न अजून उभा आहे. वर्तुळात १२.० व्होल्टची मर्यादा वळणावर वारा समोरून आला की क्षणभर ओलांडली जाईल आणि यान वेळेआधी उतरेल.

सुकाणू

फेलसेफला वेळेची अट असते, मूळ १० सेकंद. ४० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाला ६ मीटर वेगाने ४२ सेकंद लागतात, त्यात समोरच्या वाऱ्याचा भाग २० च्या आसपास. अट २५ करा. १२.४ चा इशारा वाजला की वर्तुळ उतरण्याच्या जागेवर सरकवा, म्हणजे १२.० ला ते कुठेही उतरलं तरी खाली मोकळं गवत असेल.